धर्मदासच्या बाजूनं बघितलेला ‘देवदास’

“दारुड्याचा सिनेमा पैसे मोजून कशाला बघायचा? घरी फुकट दिसतोय की.” आमच्या वहिनींचं हे ठरलेलं वाक्य होतं. माझा भाऊ, आमचा अण्णा, तेव्हा जिवंत होता आणि रोज संध्याकाळी सातनंतर दिसायचाच. त्यामुळे दूरदर्शनवर कधी ‘देवदास’ लागला तरी वहिनी टीव्ही बंद करून भाजी निवडायला बसायच्या. अण्णाला जाऊन आता पंधरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात पाऊस लागून राहिला होता, वीज होती, भाचा सुट्टीला आलेला होता आणि त्यानं मोबाइलवरून टीव्हीवर जुने सिनेमे लावायची काहीतरी सोय केली होती. वहिनी आपण होऊन म्हणाल्या, “वन्सं, तो लावा आज. बघू तरी.”

मी छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. त्यातली शेवटची दहाएक वर्षं मेल मेडिकल वॉर्डात, म्हणजे निम्म्या खाटा दारूच्या पोटाच्या. तेव्हा हे परीक्षण कुणा सिनेमाच्या जाणकाराचं नाही. एका नर्सनं आणि एका दारुड्याच्या बायकोनं शेजारी बसून बघितलेला बिमल रॉय यांचा १९५५ चा ‘देवदास’ कसा वाटला, तेवढंच सांगते.

आधी थोडी माहिती. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची कादंबरी छापून आली १९१७ साली. आमच्या पिढीला शरदबाबू परके नव्हतेच. मामा वरेरकरांनी त्यांना मराठीत आणून घरोघर पोचवलं होतं, आणि माझ्या आईनं वाचनालयातून आणलेली ती पुस्तकं चुलीपुढं बसून वाचलेली मला आठवतात. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं प्रमथेश बरुआंकडून यावर सिनेमा करून घेतला. हिंदीत देवदास झाला कुंदनलाल सैगल, आणि कॅमेऱ्यामागे होते तरुण बिमल रॉय. पुढं वीसेक वर्षांनी मुंबईत स्वतःची संस्था काढल्यावर त्याच गोष्टीकडे ते दिग्दर्शक म्हणून परत आले. सिनेमाच्या सुरुवातीलाच बरुआ आणि सैगल यांच्या स्मृतीला अर्पण केल्याची पाटी येते. दोघंही तोवर गेलेले होते.

आणखी एक गंमत. हा सिनेमा तयार झाला तेव्हा मुंबई राज्यात कडक दारूबंदी होती. मोरारजीभाई मुख्यमंत्री. परमिटशिवाय घोट घ्यायची सोय नाही, हातभट्ट्या मात्र जोरात. अशा कोरड्या राज्यात बसून या मंडळींनी हिंदी सिनेमातला सगळ्यांत प्रसिद्ध पिणारा माणूस घडवला.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा भराभर सांगते. जमीनदाराचा पोरगा देवदास, शेजारची पारो. लहानपणापासूनचा जीव. देवदासच्या घरच्यांना शेजारचं, आपल्याहून हलकं घराणं नको. पारो मध्यरात्री एकटी त्याच्या खोलीत येते, आणि हा काहीच ठरवू शकत नाही. कलकत्त्याला पळतो, तिथून नको ते पत्र लिहितो, मग पस्तावून परत येतो. तोवर पारोच्या घरच्यांना राग आलेला असतो आणि तिचं लग्न मोठाल्या मुलांच्या बिजवर जमीनदाराशी ठरलेलं असतं. पुढं चंद्रमुखीचा कोठा, बाटली, आणि शेवटी पारोच्या सासरच्या दारातलं मरण.

लहानपणीचा भाग मला लांबल्यासारखा वाटला, पण वहिनींना तोच आवडला. बाउल गाणाऱ्यांचं ‘आन मिलो आन मिलो श्याम सांवरे’ सुरू झालं तेव्हा त्यांनी हातातली तांदळाची परात खाली ठेवली. मन्ना डे आणि गीता दत्त. सचिनदेव बर्मननी इथं मुंबईचा वाद्यवृंद बाजूला ठेवलाय आणि सरळ बंगालची वाट धरलीय. साहिरनंही उर्दू शायराचा फेटा उतरवून अगदी खेड्यातले शब्द दिलेत. पुढं तलतचं ‘मितवा’ येतं. त्याबद्दल मी काय लिहिणार? तलतच्या आवाजातला तो बारीक कंप इतर गाण्यांत नाजूक वाटतो, इथं तो आजारी माणसाचा वाटतो. आणि बरोबरच आहे.

आता दारूबद्दल.

सिनेमातले दारुडे मला कधी पटत नाहीत. झोकांड्या खातात, उचक्या देतात, खांबाला मिठी मारतात. वॉर्डात बघितलेली जुनी पिणारी माणसं तशी चालत नाहीत. उलट ती फार जपून चालतात. पाणी भरलेलं पातेलं घेऊन निघाल्यासारखी. बोलतानाही तसंच, एकेक शब्द उचलून नीट मांडायचा, मधे थांबायचं. दिलीपकुमार अगदी हेच करतो. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आवाज खाली, आणि समोरच्यानं विचारलेला प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतोय हे डोळ्यांत दिसतं. “कौन कमबख़्त है जो बर्दाश्त करने के लिए पीता है” हा राजिंदरसिंग बेदींचा संवाद आमच्या अण्णाच्या टोळक्यानं ग्लास उंच करून इतक्या वेळा म्हटलाय की मला त्याची शिसारी बसली होती. सिनेमात तो वाक्य फेकत नाही. जवळजवळ पुटपुटतो. टाळ्या घ्यायचा तर विचारच दिसत नाही. सत्तर वर्षं लोक हे वाक्य चुकीच्या सुरात म्हणत आलेत, असं मला पहिल्यांदा वाटलं.

अशा शोकांतिका करून करून दिलीपकुमारच्याच मनावर परिणाम झाला आणि डॉक्टरांनी त्याला हलक्याफुलक्या भूमिका करायला सांगितलं, हे त्यानं स्वतः सांगितलेलं आहे. त्याच १९५५ सालात त्याचा ‘आझाद’ही आला, तलवारबाजी आणि गंमतजंमत. मला त्या डॉक्टरचं कौतुक वाटतं. आजार कामातून आलाय हे ओळखणारा डॉक्टर विरळा.

पण नर्स म्हणून माझी तक्रार आहेच. या देवदासचा सकाळचा हात थरथरत नाही. दारू सुटली, निदान रात्रभर मिळाली नाही, की सकाळी चहाचा कप बशीवर वाजतो. कडकड कडकड. आमच्या घरात अण्णा उठला की नाही हे त्या आवाजावरून कळायचं. वॉर्डात तर सकाळी सहाला चहा वाटला की पाच-सहा खाटांवरून तो आवाज एकदम सुरू व्हायचा. सिनेमात चादर कधी खराब होत नाही, कोणी बादली घेऊन धावत नाही, धोतर बदलत नाही. त्या काळात असलं पडद्यावर दाखवणं शक्य नव्हतं हे कबूल. तरीही एवढी दारू पिऊन माणूस इतका देखणा राहत नाही, हे कुणीतरी सांगायला हवं. पोट सुटतं, पाय सुजतात, डोळे हळदीसारखे होतात.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. लग्न ठरल्यावर पारो घाटावर भेटते, स्वाभिमानानं बोलते, आणि देवदास हातातल्या काठीनं तिच्या कपाळावर मारतो. रक्त येतं. मग चंद्रावर डाग असतोच अशा थाटाचं काहीतरी बोलणं, आणि ती खूण जणू प्रेमाची आठवण. सुचित्रा सेननं तो प्रसंग फार ताकदीनं केलाय, तिचा हा पहिला हिंदी सिनेमा असं सांगूनही पटणार नाही. हिंदी उच्चारात बंगाली गोडवा डोकावतो, पण पारो बंगालचीच की. तरी संगीत ज्या हळुवारपणे त्या जखमेवर फुंकर घालतं, ते मला सहन झालं नाही. वहिनींनी शांतपणे विचारलं, “वन्सं, तुमच्यात केसपेपरवर हे काय लिहायचे?”

मी म्हटलं, “बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या.”

“हं,” एवढंच म्हणाल्या.

इथं मला ‘एकच प्याला’ आठवल्याशिवाय राहत नाही. गडकऱ्यांचं नाटक १९१९ चं, म्हणजे देवदासची कादंबरी आणि हे नाटक जवळजवळ जुळी भावंडं. एक बंगालमध्ये, एक आपल्याकडे. सुधाकरची वकिलीची सनद जाते म्हणून तो पितो, देवदासची पारो जाते म्हणून तो पितो. प्यायला लावणारा दोस्त नाटकात तळीराम, सिनेमात चुन्नीलाल. पण गडकऱ्यांनी सुधाकरला बायको दिली, मूल दिलं, त्यामुळे त्या प्याल्याची किंमत कोण मोजतंय हे दर अंकात डोळ्यांपुढं येतं. सिंधू दळण दळते. देवदासला बायको नाही, पोर नाही, वडिलांमागं पैसा भरपूर. मग याच्या पिण्याचं बिल कोण भरतं?

उत्तर सिनेमात आहे, पण फारसं कुणी बोलत नाही. धर्मदास. घरचा म्हातारा नोकर. नझीर हुसेननी केलाय. त्याला एक गाणं नाही, एकही टाळीचं वाक्य नाही. तो मागं उभा असतो. सामान उचलतो. काळजीनं बघतो. देवाला घेऊन घरी जायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात. दारुड्याच्या घरात अशी एक व्यक्ती असतेच, जिला माणूस आत आल्यावर जोड्यांच्या आवाजावरून आज किती झालीय ते समजतं. नझीर हुसेनचा चेहरा बघून मला वाटलं, या माणसानं असं घर कुठंतरी नक्की जवळून बघितलंय.

चंद्रमुखीबद्दल सगळे लिहितात, तेव्हा थोडक्यात. वैजयंतीमाला तोवर नाचाच्या सिनेमांमुळे माहीत होती, इथं तिनं नाचाइतकंच स्तब्ध बसणं जमवलंय. या भूमिकेला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं ते तिनं नाकारलं, कारण माझी भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, असं तिचं म्हणणं. बाई बरोबर बोलल्या. दोन्ही बायका सिनेमात एकदाच समोरासमोर येतात. चंद्रमुखी पायी निघालेली, पारोची पालखी समोरून येते, दोघींची नजर मिळते, पालखी पुढं जाते. एक शब्द नाही. पुढच्या काळात याच दोघींना शेजारी उभं करून भरजरी साड्यांत नाचवलं गेलं, तेही मी थेटरात बघितलंय, मजा आली. पण त्या पालखीच्या प्रसंगात वहिनींचा चहा गार झाला.

मोतीलाल यांचा चुन्नीबाबू हा वेगळाच विषय. इतका सहज नट मी कमी बघितलाय. बोलताना तो अभिनय करतोय असं वाटतच नाही, आपल्या गल्लीतला कुणी खुशालचेंडू येऊन टेकलाय असं वाटतं. त्यालाही फिल्मफेअर मिळालं, हक्काचं होतं. पण वॉर्डात असल्या माणसाला मी भेटीच्या वेळी गेटवरूनच परत पाठवायची. असले मित्र गोड असतात. शहाळं घेऊन येतात. एकदा असंच एक शहाळं माझ्या हातून पडलं आणि सगळ्या वॉर्डात देशीचा वास सुटला. डॉक्टरसाहेब राउंडला, मी फरशी पुसतेय आणि पेशंट माझ्याकडे असा बघतोय जणू मीच त्याचा खून केला.

शेवटचा अर्धा-पाऊण तास हा या सिनेमाचा खरा भाग आहे, आणि घाईत असाल तर तेवढाच बघा असंही म्हणेन. यकृत गेलंय. दारू थांबवा, असं डॉक्टर सांगतात. चंद्रमुखीनं शुश्रूषा करून त्याला जरा उभं केलंय. हवापालटासाठी देवदास धर्मदासला घेऊन रेल्वेनं निघतो. शहरामागून शहर, कुठंच उतरावंसं वाटत नाही. कमल बोस यांच्या कॅमेऱ्यानं त्या डब्यातला काळोख आणि सरकते उजेड असे टिपलेत की गाडीच आजारी वाटते. आणि मग त्या गाडीत नेमका चुन्नीबाबू भेटतो. जुना दोस्त. हातात बाटली.

हे पटकथेतलं सोयीचं वळण आहे, असं भाचा म्हणाला. मी हसले. दवाखान्यातून सुटका झाल्यावर पहिला भेटणारा माणूस नेहमी तोच असतो, बाळा. मी छत्तीस वर्षं बघितलंय.

त्यानंतर रात्री गाडी पारोच्या सासरच्या वाटेवरच्या स्टेशनात थांबते. तिला दिलेलं वचन याला आठवतं, मरण्याआधी एकदा तुझ्या दारी येईन. धर्मदास गाढ झोपलाय. देवदास त्याला उठवत नाही. उतरतो.

इथं वहिनी एकदम ताठ बसल्या.

अण्णाला पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं ठरलं होतं ते साल मला आठवत नाही, वहिनींना महिना-वार सगळं आठवतं. पहाटेची सांगली-पुणे एसटी. आदल्या रात्रभर वहिनी जाग्या, तो घरातून निसटू नये म्हणून दाराशी अंथरूण टाकून झोपलेल्या, म्हणजे झोपल्या नव्हत्याच. कऱ्हाड गेलं आणि त्यांचा डोळा लागला. सातारच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. जाग आली तेव्हा गाडी खंबाटकीत होती आणि शेजारच्या सीटवर अण्णाची पिशवी. तेव्हा मोबाइल नव्हते. त्या सरळ स्वारगेटपर्यंत गेल्या, संध्याकाळपर्यंत बाकावर बसल्या आणि पिशवी घेऊन परतीच्या गाडीत चढल्या. अण्णा तिसऱ्या दिवशी आला.

पडद्यावर बैलगाडी चालली होती. देवदास खोकतोय, वाट संपत नाहीय, गाडीवान बिचारा घाबरलाय. हिंदी सिनेमातला एक फार मोठा प्रसंग आहे हा. सकाळी वाड्याच्या दाराशी झाडाखाली माणूस पडलेला, गावचे लोक जमलेले, पारोला कळतं, ती धावत सुटते आणि मोठे दरवाजे तिच्या तोंडावर बंद होतात. त्या दरवाजांवर बिमल रॉय यांनी आख्खा सिनेमा तोललाय. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, भाचा मोबाइल बाजूला ठेवून बघत होता. वहिनी मात्र तिथं नव्हत्याच.

कॉपीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण बघणाऱ्याला तेच उपयोगी पडतं. आम्ही ज्यावर बघितला तिथली कॉपी बरी होती, फार चांगली नाही. अंधारातले प्रसंग काळे ठिक्कर होतात, रेल्वेच्या डब्यात तर नुसतं दिलीपकुमारचं कपाळ दिसतं. मधल्या अर्ध्या तासात आवाज ओठांच्या मागं राहतो, मग आपोआप सुधारतो. खाली येणारी अक्षरं कुणी लिहिली देव जाणे, ‘देवदा’चं भलतंच काहीतरी झालंय, ती बंद करा. दर वीस मिनिटांनी जाहिरात, आणि त्यातली एक सोडा कंपनीची. कुठला सोडा ते तुम्हाला कळलंच असेल. लांबी अडीच तासांहून जास्त आहे, जेवण उरकून बसा.

तारे द्यायचे असतील तर मी पाचपैकी चार देते. अर्धा कापला घाटावरच्या त्या काठीसाठी, आणि अर्धा न वाजलेल्या कपबशीसाठी.

भाचा झोपायला गेला. मी दिवा लावला. वहिनी तांदळाची परात परत मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पण निवडत नव्हत्या.

“वन्सं, त्या म्हाताऱ्यानं पुढं काय केलं असेल हो?”

“कुठल्या?”

“त्या धर्मदासनं. जाग आल्यावर.”

मी काय सांगणार? सामान गोळा केलं असेल, म्हटलं.

“ते तर केलंच असेल,” वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “तेवढं मागं घ्या बरं. उतरताना ह्यानं त्याच्याकडं नीट बघितलं का, ते माझं बघायचं राहिलं.”

मी रिमोट घेतला. त्यांनी चष्मा लावला. मागं न्यायचं बटण आम्हा दोघींनाही शेवटपर्यंत सापडलं नाही.